एका नावाला एक नंबर

माझ्या घरात तीन व्यापाऱ्यांचे कॉम्प्युटर राहायचे. ठेवलेले होते असं म्हणायला हवं, पण मी राहायचे असंच म्हणतो, कारण त्यांच्याशिवाय त्या घरात राहणारा मी एकटाच. धुळ्याला पांझरेच्या पलीकडे, देवपुरात घर. पुढच्या खोलीत पूर्वी मुलीचं अभ्यासाचं टेबल असायचं, तिथं लोखंडी रॅक, रॅकवर शेठ लोकांची तीन काळी मशीन, चौथं माझं स्वतःचं, आणि खाली दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर. खोलीत दिवसरात्र पंख्यांची घरघर. शेजारचे आप्पा म्हणायचे, या आवाजात तुम्हाला झोप लागते कशी? मला त्याच आवाजात लागायची.

नोकरी पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये झाली. रिटायर झाल्यावर थोडे दिवस पेपर वाचला, मग वैताग आला. आग्रा रोडवरच्या एका ठोक किराणावाल्या शेठचं हिशेबाचं मशीन वरचेवर बिघडायचं आणि ते मला बोलवायचे. बिघडणार नाही तर काय? दुकानात उंदीर, धूळ, मिरचीचा खकाणा. मी म्हणालो, शेठ, हे माझ्या घरी ठेवा, तुम्ही दुकानातून नेटवरून वापरा. त्यांना पटलं. मग त्यांच्या धाकट्या भावाचं आलं, मग जळगावच्या एका डाळमिलवाल्याचं. तिघांचीही घराणी मूळची राजस्थानची. घरात मारवाडी बोलणार, बँकेत मराठी, आणि गिऱ्हाईक खेड्यावरचं असलं की थेट अहिराणी. सगळे मला सर म्हणायचे, कारण तिघांचीही पोरं कधी ना कधी माझ्या लॅबमध्ये येऊन कीबोर्ड बडवून गेली होती.

मुलगी पुण्याला. जावई बरा आहे, दोघंही कॉम्प्युटरवालेच. बायको गेल्यापासून मुलीचं एकच टुमणं: पप्पा, हे सगळं क्लाउडवर टाका, अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि इकडं या. तुमच्यासाठी खोली ठेवलीय. खोलीला बाल्कनी आहे, खाली बाग आहे, बागेत तुमच्या वयाची माणसं येऊन बसतात. हे शेवटचं ऐकलं की माझं टाळकं सरकायचं. मी काय बागेत बसायला जन्मलो? मी म्हणायचो, जमायचं नाही बेटा, लोकांची मशीन आहेत माझ्याकडं, ती टाकून येऊ का?

पण खरं कारण मशीन नव्हतंच. खरं कारण होतं मशीनमागून येणारी माणसं. कधी शेठचा मुनीम यायचा, कधी कुणी पेनड्राइव्ह घेऊन, कधी शेठ स्वतः, नुसतंच बघायला. तुमचा पैसा जिथं मोजला जातो ते ठिकाण डोळ्यांनी बघावंसं वाटतंच माणसाला. आणि वर्षातून एकदा लक्ष्मीपूजन.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपली हिशेबाची नवी वही पूजतात. लाल वही, तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक, शुभ लाभ, विड्याचं पान, सुपारी. मशीन माझ्याकडं आलं त्या पहिल्याच वर्षी थोरल्या शेठचा फोन आला. म्हणाले, "सर, दुकानात वही आहे, पण ती नावापुरती. खरा हिशेब तुमच्या घरी आहे. मग पूजा कुठं करायची?" मला वाटलं चेष्टा करतायत. संध्याकाळी बघतो तर शेठ, शेठाणी, दोन सुना, नातवंडं आणि ताट घेऊन दारात उभे. मशीनच्या कपाळाला कुंकू लागलं. मी मागून ओरडतोय, अहो अक्षता पंख्यात जातील, फुलं जरा बाजूला ठेवा, आणि माझं कोण ऐकतंय? बायकोनं चिवडा-शेव काढली. कप कमी पडले म्हणून आप्पांच्या घरून आणले.

मग ती चालच पडली. दोघं भाऊ चौघडिया, म्हणजे मुहूर्ताची वेळ, बघून यायचे, आणि पुढं वाटणी झाल्यावर मुद्दाम वेगवेगळा धरायचे, म्हणजे समोरासमोर गाठ नको. थोरले लाभाच्या चौघडियात उरकून गेले की थोड्या वेळानं धाकटे अमृताच्या चौघडियात हजर. दोघांच्या मधल्या वेळात बायको दारातली विस्कटलेली रांगोळी पुन्हा काढायची आणि हसत म्हणायची, आपल्याकडं आज दोन शिफ्टमध्ये लक्ष्मी आहे. जळगावचे शेठ दुपारीच मुलाला पाठवायचे, सोबत तुरीच्या डाळीचं पोतं.

बायको गेली त्या वर्षी आमच्याकडं सण नव्हता. मी दिवाही लावला नव्हता, दार लोटून बसलो होतो. तरी थोरले शेठ आले. पूजा नको, म्हणाले, नुसते बसतो. शेठाणी न विचारता स्वयंपाकघरात गेल्या. साखर कुठंय, चहापत्ती कुठंय, काही विचारलं नाही, एकेक डबा उघडून शोधत राहिल्या. माझ्या घरात माझ्याशिवाय दुसरं कुणीतरी डबे उघडतंय हा आवाज फार दिवसांनी ऐकला, आणि मला रडूच आलं. शेठ भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले.

हे मी मुलीला कधी सांगितलं नाही. तिला सांगायचो, शेठ लोकांची मशीन आहेत, त्यांचं माझ्यावाचून अडतं. आणि शेठ लोकांना सांगायचो, मुलगी सारखी पुण्याला बोलावते हो, खोली ठेवलीय माझ्यासाठी, पण तुमच्या मशीनपायी पाय निघत नाही. दोन्हीकडं आपला भाव वाढलेला बरा वाटायचा.

आता त्या नंबरांचं सांगतो. घरच्या साध्या इंटरनेटला जो पत्ता मिळतो, ज्याला आयपी म्हणतात, तो कायमचा नसतो. आज एक, उद्या लाईट जाऊन आली की दुसरा. तुम्ही घरात बसून नुसतं बाहेर बघणार असाल तर काही अडत नाही. पण बाहेरून कुणी तुमच्याकडं यायचं असेल, तर पत्ता पक्का लागतो. घर तेच आणि घरनंबर रोज नवा, असं झालं तर पोस्टमननं करायचं काय? म्हणून स्टॅटिक आयपी घ्यायचा, न बदलणारा. तसं पाहिलं तर एका पत्त्यावर तिघांचाही कारभार चालतो, आत दारं वेगळी करता येतात. सुरुवातीला मी तसंच केलं होतं.

मग किराणावाल्या भावांची वाटणी झाली. धाकट्या शेठनी एकदा थोरल्यांच्या मुनिमाच्या मोबाइलवर तो पत्ता पाहिला. शेवटचे दोन-चार आकडे, म्हणजे दाराचा नंबर, सोडले तर हुबेहूब आपलाच. तडक स्कूटर काढून माझ्याकडं आले. सर, दुकान वेगळं झालं, गोडाऊन वेगळं झालं, देव्हाऱ्यातले देवसुद्धा वाटून घेतले आम्ही, मग पत्ता अजून एक कसा? मी दारांचं समजावलं. ते म्हणाले, दार वेगळं असून उपयोग काय, घर तर त्यांचंच ना. मी थोरल्यांना विचारलं, तर ते म्हणाले, त्याला द्या हवा तर नवा, पण जुना माझा, तो मी सोडणार नाही, त्या नंबरावर आमचा धंदा वाढला. आता नंबरावर काय वाढतो धंदा? पण शेठला सांगणार कोण? हे जळगावला कळलं तर डाळमिलवाले रुसले. सगळ्यांना स्वतंत्र, मग मी काय भाडेकरू? झालं. तिघांचे तीन आणि माझा एक, असे चार पत्ते घेतले. तेव्हाची कंपनी घरच्या कनेक्शनवर एकापेक्षा जास्त द्यायची, म्हणून निभावलं.

गेल्या उन्हाळ्यात त्या कंपनीचा मेसेज आला. ऑगस्टनंतर घरगुती प्लॅनवर फक्त एकच स्टॅटिक आयपी मिळेल, बाकीचे बंद. म्हणजे पोळ्यापर्यंत दुसरी सोय करायची, नाहीतर मशीन हलवायची. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, बघा, आता देवच सांगतोय. मी इतका भडकलो की फोन ठेवून दिला, आणि मग दिवसभर तिचा परत येईल म्हणून मोबाइल हातातच धरून बसलो.

शोध सुरू झाला. एका मोठ्या कंपनीला फोन लावला. आधी बराच वेळ गाणं ऐकवलं, मग एक मुलगी हिंदीत बोलायला आली. गोड बोलत होती बिचारी. घर आहे का ऑफिस? घर. मग घराला चार स्टॅटिक आयपी कशाला हवेत? आता हिला काय सांगू, दोन भावांची वाटणी झालीय म्हणून? शेवटी म्हणाली, चार हवेत तर बिझनेस प्लॅन घ्यावा लागेल, त्याला दुकानाचं लायसन आणि जीएसटीचा दाखला लागेल. मी म्हणालो, दोन्ही आणून देतो, शेठ देतील. तिनं माझा पिनकोड घातला, थांबली, आणि म्हणाली, सॉरी सर, तुमच्या गल्लीत बिझनेस लाईन येत नाही. मग आधीच विचारायचा होतास ना पिनकोड, बाई!

दुसरी कंपनी धुळ्यातलीच, एका दुकानात तिची एजन्सी. तिथला माणूस म्हणजे भलताच उत्साही. चारच का सर, आठ घ्या. दुसऱ्या दिवशी वायर आली, डबा आला, नंबर आले. बाहेरून उघडून पाहतो तर एकही लागेना. नंबर नीट बघितला आणि कपाळाला हात लावला. नंबर पक्के होते, पण कंपनीच्या आतल्या आत चालणारे. म्हणजे बंगल्याला नंबर आहे, पण तो अशा कंपाउंडात आहे की गेटवरचा वॉचमन बाहेरच्या कुणाला आत सोडतच नाही. मी दुकानात जाऊन तणतणलो. तो शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही स्टॅटिक म्हणाला होता. बदलतोय का तो? नाही ना बदलत?" डबा त्याच्या काउंटरवर ठेवला आणि पुलावरून चालत घरी आलो. त्या दिवशी स्वयंपाक केलाच नाही, शेव-मुरमुरे खाऊन पडलो.

हे चालू असताना मुलीशी रविवारचं बोलणं व्हायचं, पण माझ्या डोक्यात तेच. ती तिकडचं काही सांगायची, मी हो हो म्हणायचो आणि संधी मिळाली की आयपीवर यायचो. ती इंजिनिअर आहे, तिला कळतं, म्हणून तिला सांगण्यात मजा वाटायची. ती मात्र हळूहळू त्यावर बोलेनाशी झाली.

शेवटी जळगावच्या शेठनीच एक नाव सुचवलं. आधी केबल टीव्ही चालवणारा, आता इंटरनेट देणारा, आणि नुकतीच त्यानं धुळ्यापर्यंत लाईन टाकलेली. फोनवर धड बोलेना, म्हणाला समक्ष या. सकाळची एसटी पकडली. पारोळा गेलं, खिडकीतून दोन्ही बाजूंनी कपाशी. शेजारच्या सीटवर एक आक्का होत्या, लेकीकडं निघालेल्या, मांडीवर कळण्याच्या भाकरीच्या पिठाची पिशवी. मला विचारलं, कुठं निघाले भाऊ? मी म्हणालो, जळगावला, जरा काम आहे. काय काम, म्हणाल्या. मी सांगायला सुरुवात केली आणि त्यांनी एरंडोलपर्यंत सगळं ऐकून घेतलं. समजलं काहीच नसणार. पण उतरताना म्हणाल्या, होईल तुमचं काम. मला दिवसभर बरं वाटलं.

त्याचं ऑफिस एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर. कोपऱ्यात वायरची भेंडोळी, भिंतीवर देवांच्या तसबिरी, आणि मधे तो. चाळिशीचा, मूळचा पारोळ्याकडचा, बोलता बोलता अहिराणीत शिरणारा. मी चार पत्ते म्हटल्यावर त्यानं मान हलवली. त्याचा नियम साधा होता. एका नावाला एक नंबर. म्हणाला, आमच्याकडं नंबर मोजकेच आहेत, एकानंच उचलून नेले तर बाकीच्यांनी काय करायचं? रेशनसारखं आहे हे. घरात जितकी माणसं, तितक्या नावांवर घ्या. आजीच्या नावावर घ्या, सुनेच्या नावावर घ्या, माझी ना नाही. मग त्यानं अगदी सहज विचारलं, "भाऊ, घरमा बठ्ठा मिळीसन कितला जण शेतस?"

"एक," मी म्हणालो.

"एकच?"

आणि मला काय झालं कोण जाणे, मी त्याच्यावर उखडलो. बायको वारली, मुलगी पुण्याला, मी आता नंबरांसाठी माणसं आणू कुठून? दुकानातून आणू? तिथली पोरं काम थांबवून बघायला लागली. त्यानं काही वाईट वाटून घेतलं नाही. चहा सांगितला. मग चहा बशीत ओतत म्हणाला, माणूस घरातलाच पाहिजे असं मी कुठं म्हणालो? जो वापरतो त्याच्या नावावर घ्या. तुमच्या तिन्ही शेठच्या नावांवर तीन, तुमच्या नावावर एक. बसवायचा पत्ता तुमच्या घरचा. झाले चार.

इतकं सोपं होतं ते. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. पण मी जुना लॅबवाला, सगळं विचारून घ्यायची खोड. म्हटलं, उद्या कुणी घर बदललं तर त्याचा नंबर जाईल का? तो म्हणाला, नाही. नंबर नावाबरोबर. जळगाव-धुळ्यात माणूस जिकडं, नंबर तिकडं. मी खूश. ही गोष्ट मी परत आल्यावर तिन्ही शेठना कौतुकानं सांगितली. विशेषतः थोरल्या शेठना, कारण त्यांचा जीव त्या जुन्या नंबरात अडकला होता. नवा घ्या, म्हटलं, पण हा असा की तुमच्यापासून कुणी तोडू शकणार नाही.

पोळ्याच्या आधी काम झालं. वायर चार गच्च्या ओलांडून आली, त्यातल्या दोन गच्च्यांच्या मालकांशी मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो, आता परवानगीसाठी बोललो. शेठ लोक मोबाइलवर आलेला ओटीपी सांगायला आळीपाळीनं येऊन गेले. फोनवरही सांगता आला असता, पण पैशाच्या गोष्टी फोनवर नको, असा त्यांचा शिरस्ता. त्या आठवड्यात माझ्याकडं रोज दोनदा चहा झाला. भिंतीवर चार पांढरे डबे लागले, चारांवर हिरवे दिवे. सगळं जोडून झाल्यावर मी कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत चालत गेलो आणि तिथं उभं राहून मोबाइलवरून एकेक पत्ता उघडून पाहिला. चारही उघडले. इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मुलगी मीटिंगमध्ये होती. आप्पांना सांगितलं, ते म्हणाले, बरं झालं, आणि पाणी किती वाजता येणार आहे ते विचारलं.

गणपती झाले. त्यानंतर एका सकाळी थोरले शेठ आले, एकटेच, फोन न करता. बसले. मोबाइल काढून मला दाखवला. कनेक्शन त्यांच्या नावावर, म्हणून सगळे मेसेज त्यांना जायचे, कंपनीचं ॲपही त्यांच्याच फोनवर. त्या ॲपमध्ये बसवायचा पत्ता बदलायचं बटण होतं.

"सर," ते म्हणाले, "यात दिसतंय की कनेक्शन दुकानावर घेता येतं, नंबर तोच राहतो. तुम्ही पण तसंच म्हणाला होता. मशीन दुकानावर नेलं तर काही अडचण येईल का?"

वरच्या मजल्यावर एसीची केबिन केली होती त्यांनी आता, तिथं उंदीर नाही, धूळ नाही. पोरगा शिकून आलेला, त्याला सगळं कळत होतं. मला दहा अडचणी सांगता आल्या असत्या. लाईटची सांगता आली असती, बॅकअपची सांगता आली असती, शेठनी विश्वास ठेवला असता. पण आयुष्यभर पोरांना शिकवलं की मशीनबद्दल खोटं बोलायचं नाही. मी म्हणालो, काही अडचण नाही शेठ.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणाले, बरं झालं सर. घरात नेहमी बोलणं होतं, सरांना आपण किती अडकवून ठेवलंय. मुलगी बोलावते, खोली तयार आहे, आणि हा माणूस आपल्या मशीनपायी एकटा पडलाय. शेठाणी तर रोज म्हणते, त्यांना सोडा आता. या वयात माणसानं लेकीपाशी असावं.

काय सांगणार होतो? अहो शेठ, मला सोडू नका, असं? साठी उलटलेल्या माणसानं दुसऱ्या माणसाच्या तोंडावर हे कसं म्हणायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी म्हणालो, हो ना, मुलगी फार मागं लागलीय.

थोरल्यांनी नेलं म्हटल्यावर धाकट्यांचं दुसऱ्याच दिवशी. त्यांनी नेलं, मग माझं मागं का? जळगावचा टेम्पो त्यानंतर आला, मशीन जुन्या ब्लँकेटात गुंडाळून, मधे डाळीची पोती लावून नीट नेलं. जाताना डाळ ठेवून गेले. थोरल्या शेठनी त्यांच्या दुकानात बोलावून मला शाल आणि नारळ दिला, मुनिमानं टाळ्या वाजवल्या. पॉलिटेक्निकनं एकदा केलं होतं, यांनी दुसऱ्यांदा रिटायर केलं. सगळे मनापासून करत होते, हीच तर पंचाईत. कुणावर चिडायचं तेच कळेना. तसा मी चिडण्यात कमी नाही, पण त्या दिवशी घरी आल्यावर चिडायला कुणी सापडलं नाही आणि मी शाल कपाटात ठेवून रॅकसमोर खुर्ची टाकून बसलो. एकच मशीन उरलं होतं. त्याचा आवाज इतका बारीक होता की पंखा बंद केल्यावरच ऐकू यायचा.

मुलीला मी यातलं काही सांगितलं नाही. नेट कसं आहे, तिनं विचारलं. म्हटलं, एक नंबर.

लक्ष्मीपूजनाचं बोलावणं दोन्ही भावांकडून आलं. दुकानातच पूजा आहे, सर, तुम्ही यायचंच. एकाकडं गेलो तर दुसऱ्याला वाटेल, असं कारण मी काढलं आणि कुणाकडंच गेलो नाही. खरं तर तिथं जाऊन, भिंतीकडेच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, बोलावणं आलेल्या माणसासारखं प्रसाद घ्यायचा माझा धीर होईना. दुपारी बाजारातून चिवडा आणला, अर्धा किलो पुरला असता, दीड आणला, सवय. संध्याकाळी दारात पणती लावली. गल्लीत फटाके सुरू झाले. दार उघडंच ठेवून मी पुढच्या खोलीत बसलो. लाभाचा चौघडिया आला आणि गेला.

मुलीचा फोन आला. दर वर्षी ती याच वेळी करायची, कारण तेव्हा घर भरलेलं असायचं आणि तिला शेठाणींशी दोन शब्द बोलता यायचे. हॅपी दिवाली म्हणाली, आणि जरा थांबून, "पप्पा, आवाज येत नाही कुणाचा. शेठ लोक आले नाहीत का अजून?"

मी सांगितलं. मशीन गेल्याचं, शालीचं, सगळं. मग इतकी वर्षं जे बोललो नव्हतो ते माझ्या तोंडून निघून गेलं. "बेटा, मला इथं करमत नाही आता. फार एकटं वाटतं गं. तू म्हणायचीस ती खोली आहे ना?"



"पप्पा, त्या खोलीत आई असतात," ती म्हणाली. आई म्हणजे तिच्या सासूबाई. "पावसाळ्यापासून इथंच आहेत त्या, गावी एकट्या होत्या ना. मी तुम्हाला विचारलं होतं आधी. तुम्ही म्हणालात, खुशाल दे, मी काही इथून हलत नाही."

मला आठवेना. पण म्हणालो असणार. वाक्य माझंच होतं.

ती बोलत राहिली. हॉलमध्ये दिवाण टाकू, मोठं घर बघू, तुम्ही या तर खरं, मी उद्याच गाडीचं बघते. मागून कुणीतरी तिला पूजेला हाक मारत होतं.

"अगं नको," मी म्हणालो. "मी आपलं सहज विचारलं. इथं नेट फार छान चालतंय."